रेघ वर जाते

दादाची गाडी माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आली ती दादा गेल्यावर. तो असताना ती शहरातली झाडून सगळी गॅरेजं फिरून आली होती, माझं तेवढं सोडून. वडिलांचं गॅरेज त्याला मिळालं, कारण तो मुलगा. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं मला कळायचं, पण ते कोणी विचारात घेतलं नाही. त्याने लवकरच त्या गॅरेजला टाळं लावलं आणि कुठल्याशा ऑफिसात चिकटला. मी दुसरीकडे पत्र्याची शेड टाकून माझं काम सुरू केलं, तेव्हापासून आमच्यात विस्तवही जात नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

वहिनी दुपारी आली. गाडी दारात उभी राहिली तरी इंजिन आचके देत होतं, बॉनेट थरथरत होतं आणि काचेमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. पुढच्या डाव्या सीटवर ठमी झोपली होती. ठमी म्हणजे माझी भाची. नाव निराळंच आहे, पण जन्मली तेव्हा इतकी गुटगुटीत होती की हेच चिकटलं. आता तिच्या अंगावर फ्रॉक लोंबत होता.

"वन्सं, सगळे म्हणतात सेन्सर गेलाय," वहिनी म्हणाली. "बदलला. पुन्हा बदलला. तुम्ही एकदा बघा."

मी खुर्ची पुढे केली तर बसली नाही, पाणीही घेतलं नाही. दोष गाडीतच आहे ना, एवढंच सांगा, असं मात्र फिरून फिरून म्हणत राहिली. मला त्याचा राग आला. दारात उभ्या उभ्या डॉक्टरकडून आजाराचं नाव वदवून घेणारी माणसं असतात, त्यातलीच ही, असं वाटलं.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक. धुरात हवा किती उरली ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्या अंदाजाने पेट्रोल सोडतो. हवा कमी आहे म्हटलं की पेट्रोल कमी होतं. आता हवा भरपूर असताना नाकच खोटं बोलायला लागलं, तर इंजिन उपाशी राहणार आणि आचके देणार. पण दिवा लागला रे लागला की बहुतेक गॅरेजवाले सेन्सरचीच मानगूट धरतात. कुठे नळी फाटलीय, कुठे वायर चेपलीय, हे बघायची तसदी कोण घेतो? चोर सोडून संन्याशाला फाशी. दादाने शेवटपर्यंत अशाच लोकांकडे गाडी नेली, कारण बहिणीकडे न्यायची तर मान खाली घालावी लागली असती.

मी स्कॅनर जोडला. त्याच्या पडद्यावर सेन्सरची रेघ दिसते. हवा कमी झाली की ती वर जाते, वाढली की खाली येते, आणि धडधाकट गाडीत सारखी खालीवर होत राहते. इथे ती सावकाश वर चढली आणि वरच राहिली. धुरात हवा नाहीच, असं तिचं म्हणणं. प्लग काढून पाहिले तर पांढरेफटक. पेट्रोल जास्त होत असतं तर ते काजळीने काळे निघाले असते. म्हणजे हवा भरपूर होती आणि सेन्सर खोटं बोलत होता, यात शंका नव्हती.

खोक्यातून नवा सेन्सर काढून बसवला. रेघ वर. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, ती शाबूत होती. सायलेन्सरच्या पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा आला नाही. शेजारी उभ्या असलेल्या, चांगल्या चालणाऱ्या गाडीतला सेन्सर काढून इथे लावला, तरी रेघ वरच. माझं डोकं चालेना, आणि वहिनीला ते दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून मी उगाच पेटीतले पाने खणखणवत राहिले.

तेवढ्यात ठमी जागी झाली आणि उतरून नळावर पाणी प्यायला गेली. इंजिन सुरूच होतं. बघता बघता रेघ खाली आली आणि भराभर खालीवर करू लागली. थरथर थांबली. बॉनेटवर हात ठेवला तर इंजिन चालू आहे की बंद, ते कळेना.

मी मनातल्या मनात हसले. सीटखालून वायर जात असणार आणि वजनाने चेपत असणार. एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला दिसली नाही. ठमी परत येऊन बसली तशी रेघ वर जायला लागली. मी तिला पुन्हा उतरवलं आणि स्वतः त्या सीटवर बसले. माझं वजन तिच्या तिप्पट तरी भरेल. इंजिन हूं की चूं न करता चालत राहिलं. सीटवर जुन्या बॅटऱ्या रचून पाहिल्या. मग वहिनीला बसवलं. काहीच नाही.

ठमी बसली.

रेघ वर.

"काय गं, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे. झोप येते, आत्या."

ती हे म्हणाली आणि मी तिला हाताला धरून खाली उतरवलं. गाडीत धूर शिरत असेल तर माणूस असाच पेंगायला लागतो आणि एक दिवस उठत नाही. दादाला दमा होता. तो गेला त्या दिवशी गाडीतच त्याला धाप लागली तेव्हा वहिनी गाडी कडेला लावून औषधाच्या दुकानात धावली. तो याच सीटवर होता आणि ठमी मागे होती. वहिनी परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दमाच म्हणाले सगळे. दुसरं काही असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

विषारी धूर मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. काचा बंद करून ते सीटवर ठेवलं. काटा हलला नाही. कारण हाती लागलं नव्हतं, पण मला आता कारण नकोच होतं. वैर दादाशी होतं, पोरीशी नव्हतं. माहेरचं म्हणावं असं तिच्याशिवाय मला कोणी उरलं नव्हतं, आणि ती त्या गाडीत बसता कामा नये, एवढंच मला कळत होतं. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"ही गाडी भंगारात जाईल," मी म्हटलं. "हिला पुन्हा यात बसवायचं नाही."

दादाची शेवटची वस्तू, ती तुम्ही मोडीत काढायला निघालात, असं काहीतरी ऐकून घ्यायची मी तयारी ठेवली होती. उत्तरंही तयार होती, वर्षानुवर्षं घासून ठेवलेली. वहिनीने एवढंच विचारलं, "म्हणजे दोष गाडीतच आहे?"

"गाडीतच."

ती टायरांच्या चळतीवर मटकन बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. रडून झाल्यावर तिने पाणी मागितलं. त्या घरातल्या कोणीतरी अखेर माझं ऐकलं होतं. दादा हे बघायला हवा होता, असं मनात आलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्यांना घरी सोडायला मी माझी गाडी काढली. हिचं इंजिन मी स्वतः खोलून बांधलंय. त्याच्यावर मी माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा ठेवते. वहिनी पुढे बसली. ठमीला मागच्या सीटवर बसवून खिडकी उघडी ठेवली. वहिनी बऱ्याच दिवसांनी मोकळं बोलत होती. पोरीची भूक गेलीय, पण आता होईल बरी, असं सांगत होती. मी हं हं करत होते. वाऱ्याने ठमीचे केस उडत होते.

मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो.

स्टिअरिंगमधून तळहाताला काहीतरी लागलं.

मी वहिनीकडे पाहिलं. ती बोलायची थांबली होती.

थरथर वाढली. दरवाजे वाजू लागले. पिवळा दिवा लागला.

"टॅक्सीतही असंच झालं," वहिनी समोर बघत म्हणाली. "शाळेच्या बसमध्येही. ड्रायव्हरने हिला उतरवलं तेव्हा कुठे बस पुढे गेली."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी बघितली नसती, वन्सं. हिला बघितलं असतं."

इंजिनाने शेवटचा आचका दिला आणि ते बंद पडलं. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. मी किल्ली फिरवली नाही.

मी मागे वळले. ठमी झोपली होती, ओठ जरासे विलगलेले. मी दोन सीटांमधून हात लांबवून तिच्या नाकापाशी धरला.

श्वास चालू होता. बोटांवरून गार हवा आत जात होती. मी ती बाहेर यायची वाट पाहत राहिले.

आत जातच होती.