बलभीमचा उतारा

मी शेतकीचा पदवीधर. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. सोसायटीच्या पगारावर होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी कळंबकडं तूर चांगली आली अन् लगेच अळी पडली. गावोगाव नव्या औषधाचं प्रात्यक्षिक माझ्याकडं होतं. लोक बिचकायचे, म्हणून माझा फवारणीचा गडी बलभीम, त्याला मी बादलीत कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळायला लावायचो. "बघा, अळी मरती. माणसाला काय होतंय?" मी ओरडायचो. माझे हात मात्र खिशात. थूत् माझ्या जिनगानीवर!

अळीच्या अन् माणसाच्या नसा एकाच रसायनानं निरोप पोचवतात, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. औषध पडलं की तो निरोप थांबतच नाही. नस फडफडत राहते, जीव जाईपर्यंत.

एका दुपारी बलभीम बादलीवरच कोसळला. लाळ, घाम, बाहुल्या मोहरीएवढ्या. जीपमध्ये घालून त्याला कळंबच्या दवाखान्यात आणलं. प्रात्यक्षिकातल्या मेलेल्या अळ्यांची बाटली घाईत माझ्या हातातच राहिली होती.

डॉक्टरांनी उताऱ्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. बलभीम हलला नाही. बाटलीतली एक अळी सरळ झाली अन् चालायला लागली.

गुंगी उतरली असेल, मी मनात म्हणालो.

दुसऱ्या इंजेक्शनला दुसरी उठली. तिसऱ्याला तिसरी. हा उतारा अळीला लागू पडत नाही, हेही मी शिकलो होतो. शिवाय सुई बलभीमच्या दंडात होती.

त्याची बायको चांगुणा बाटलीकडं बघत होती. "सायब, माज्या मालकाचं औशिद ह्यास्नी लागतंय. फेका ती बाटली."

"अगं, असं कुठं असतं का?"

"मग तुमाला का घाम सुटलाय?"

चौथी उठली अन् माझं शिक्षण संपलं. बाहेर जाऊन बाटली दगडावर फोडली. जित्या, मेल्या, सगळ्या अळ्या चपलेनं चिरडल्या.

"शेवटचं एकच उरलंय," मी आत येताच डॉक्टर म्हणाले.

चांगुणानं नवऱ्याचं तोंड पदरानं पुसलं. "आता लागंल. व्हय ना, सायब?"

"लागंल," मी म्हणालो. उभ्या जन्मात इतकं मनापासून मी काही मागितलं नव्हतं.

सुई टोचली. आम्ही तिघंही त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिलो.

काही झालं नाही.

खिडकीच्या फळीवर एक माशी उताणी पडली होती. उन्हाळ्यापासूनची असावी, अंगावर धूळ बसलेली.

ती पालथी झाली अन् पुढचे पाय चोळायला लागली.