शनिवारचं कुलूप

डिसेंबर २०२०. आयर्लंडमधल्या डंडॉक गावात सुनेत्राच्या डब्यांच्या किचनसमोर उभ्या उल्हासचा डोळ्यांवर विश्वास बसेना. शटरच्या कुलपात कुणीतरी सुपरग्लू ओतला होता. वर मराठीत चिठ्ठी: ‘उद्या शब्बाथ. दोनशे डबे जाणार नाहीत.’ शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. आपल्यातलंच माणूस असं करतं?

“काल, शनिवारी सकाळी हे दिसलं,” सुनेत्रा मास्कआडून म्हणाली. “हॉस्पिटलची ऑर्डर बुडाली. हे आमच्या स्वयंपाकिणीचं, नंदाचंच काम! मी शनिवारची सुट्टी नाकारली ना. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलंय मी तसं. तिला काढणार, मग वर्क परमिटचं तिचं ती बघेल.”

“ऑर्डर कधी आली?” डिटेक्टिव्ह शर्वाणीनं विचारलं. उल्हास तिचा मदतनीस. मदत कमी, आश्चर्य जास्त.

“शुक्रवारी सव्वापाचला. नंदाला पाच फोन केले, बंद! सतीशला तेवढं सांगितलं, बाकी कुणालाच नाही.”

सतीश तिचा नवरा. डब्यांची व्हॅन तोच चालवायचा. डोळे लालभडक, व्हॅनचा बंपर चेपलेला.

“खांबाला घासली,” तो पुटपुटला. “नंदाच असणार. जेवताना तिनंच शब्बाथला वेशी बंद केल्याची गोष्ट सांगितली होती.”

नंदा रोहेकर, कोकणातली बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. तिला रडू आवरत नव्हतं.

“सांगितली ना! आमच्या धर्मग्रंथातली आहे. शब्बाथला सोर शहराचे व्यापारी यरुशलेमात मासळी विकायचे, म्हणून तिथल्या सुभेदारानं, नहेम्यानं वेशी बंद करवल्या. आमचे पूर्वजही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. पण मी शुक्रवारी तीनलाच घरी गेले, दिवे लावायला. चारला तर इथे सूर्य मावळतो.”

शर्वाणीनं सगळ्यांना शटरपाशी बोलावलं.

“नंदाचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू झाला. मग सव्वापाचनंतर ती ‘उद्या शब्बाथ’ कशाला लिहील? फोन बंद असताना दोनशेचा आकडा तिला कळला कुठून? तो दोघांनाच ठाऊक होता. सुनेत्रा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन मला बोलावणार नाही. सतीश, बंपर खांबामुळे चेपला की झोपेमुळे?”

उल्हासनं आ वासला. खुद्द नवरा!

सतीश शटरला टेकून खाली बसला. “सात महिने एक सुट्टी नाही. बोललो की सुनेत्रा, तू म्हणायचीस, लॉकडाऊनमध्येच धंदा वाढतो. गेल्या आठवड्यात स्टिअरिंगवर डोळा लागला. मागे श्रावणी होती.”

श्रावणी त्यांची चार वर्षांची लेक.

“म्हणून खापर माझ्यावर फोडलंत, दादा?” नंदाचा आवाज चिरकला. “मला देशाबाहेर काढलं असतं!”

“नंदा, माफ कर,” सुनेत्रा कशीबशी म्हणाली. “आता शनिवारी कुणीच यायचं नाही.”

“ते तुमचं तुम्ही बघा, ताई. ग्रुपवर मला गुन्हेगार ठरवलंत, तिथे आधी खरं लिहा.”

सुनेत्रानं फोन काढला. सतीशनं उठून तो तिच्या हातातून घेतला.

“मी लिहितो,” तो म्हणाला.