अक्रोडाच्या टरफलांवरचा हमाम

पहिल्यांदा तुदाला त्याचे फक्त बूट दिसले. पाठीवर सरपणाचा भारा असला की माणसाला जगाचं तेवढंच दर्शन होतं. वाट, दगड आणि समोरच्याचे पाय. वरून टपाटप गारा पडत होत्या. बूट शहरी होते, एकाची नाडी सुटलेली होती आणि ते भर वाटेत उभे होते.

"बाजूला व्हा," तुदा म्हणाली.

"वजन करू का?"

"कुणाचं?"

"भाऱ्याचं हो, भाऱ्याचं!" बूट गडबडून मागे सरकले.

अक्रोडाच्या झाडाखाली तिनं भारा टेकवला आणि मान वर केली. सावळा, लांबोडका, खांद्यावर आकड्याचा वजनकाटा... आणि पापण्यांवर वितळलेल्या गारा. आता बाई, वजनं करत फिरणाऱ्या माणसाला असे डोळे हवेत कशाला?

"उचलूनच बघा ना. आपोआप कळेल वजन."

त्यानं उचलला. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला भाऱ्यासकट चिखलात बसला. तुदा हसली, इतकी की ओढणी तोंडात कोंबावी लागली.

"किती भरलं?"

"माझ्यासकट की माझ्याशिवाय?" तोही हसला. मग काट्याला भारा लावला आणि त्याचं हसू मावळलं. "एकेचाळीस किलो. हे तुम्ही रोज आणता?"

"पाहुणे असले की रोज. हमाम काय फुंकर मारून तापतो?"

तो मांडी घालून लाकडांकडे बघत राहिला. अराराची लाकडं होती. आजोबांच्या लहानपणी जेवढं होतं जवळजवळ तेवढंच आजही असतं, इतकं सावकाश वाढणारं झाड. "मी बास्सू," तो म्हणाला. "खोऱ्याच्या सहकारी संस्थेकडून आलोय. तुदा नावाच्या कुणा बाईंचं पाहुणघर शोधतोय."

"शोधलंत की," तुदा म्हणाली. "आता भारा घ्या आणि चला माझ्या मागनं."

घरी इम्मानं, म्हणजे तुदाच्या आईनं, चहा ठेवला आणि बास्सूनं निरोप सांगितला. डोंगर बोडका होत चाललाय. गावच्या पंचांनी ठरवलंय की यंदाच्या मोसमापासून जे पाहुणघर अरार जाळेल, त्यानं पाहुणे ठेवायचे नाहीत. वीस दिवसांनी पंच स्वतः येऊन हमामात आंघोळ करतील. पाणी गरम नसलं किंवा भट्टीत अराराची एक काडी जरी दिसली, तर पाहुणघराला टाळं.

टाळं म्हणजे काय, ते तुदाला कुणी समजावून सांगायला नको होतं. वडील गेल्यावर मायलेकींनी याच घरावर दिवस काढले होते. हे गेलं की अझिलालला काकाच्या घरी, त्याच्या बायकोच्या हाताखाली राबायचं. त्यापेक्षा अराराच्या भाऱ्याखाली मरण परवडलं.

"आणि तुम्ही हे नुसतं सांगायला आलात?" तिचा आवाज चढला.

"नाही. भट्टी बांधायला आलोय."

त्याची युक्ती तशी साधीच होती. गावात घरटी अक्रोडाच्या टरफलांचा ढीग सडत पडलेला. ती जाळायची. भट्टीचं तोंड अरुंद ठेवायचं, भिंती दुहेरी करून मधे माती आणि गव्हाचा भुसा ठासायचा, म्हणजे ऊब आतच राहील. पाणी छपरावरच्या काळ्या नळ्यांत उन्हानं आधीच कोमट करून घ्यायचं.

आठव्या दिवशी भट्टी पेटवली. बिस्मिल्ला म्हणून इम्मानं काडी लावली आणि घटकाभरात हमाम, स्वयंपाकघर, गोठा, सगळं धुरानं कोंदलं. खेचर ओरडत पळालं. बास्सू बाहेर आला तेव्हा त्याचे फक्त दात दिसत होते.

"असं कसं झालं?" तो खोकत म्हणाला. "धुराडं अगदी मापात आहे..."

"माप बरोबर आहे, तोंड चुकलंय!" डोळे पुसत तुदा ओरडली. "आल्यापासून लाकूड मोजताय, टरफलं मोजताय, पाणी मोजताय. वाऱ्याबद्दल कुणाला एका शब्दानं विचारलंत? दुपारनंतर तो खोऱ्यातून वर चढतो. त्याच्याच तोंडाशी धुराडं काढलंत की हो!"

बास्सूनं कान पकडले. "सपाटीवरचा माणूस मी. आमच्याकडे वाऱ्याला असली शिस्त नसते."

"माझ्याकडे असते. घ्या फावडं."

मग दोघांनी धुराडं पाडलं आणि डोंगराच्या बाजूला वळवून पुन्हा उभारलं. तो विटा द्यायचा, ती माती लिंपायची. कोपरभर चिखलात मधला 'तुम्ही' कधी विरघळला, कुणालाच कळलं नाही.

"नाकाला माती लागलीय तुझ्या," तो म्हणायचा.

"असू दे."

"छान दिसतेय."

"माती?"

"...मातीच."

एकदा बोटं बोटांना लागली आणि दोघंही उगाचच विटा मोजायला लागले. इम्मा उंबऱ्यात बसून अक्रोड फोडत होती. तिला सगळं दिसत होतं.

विसावा दिवस उजाडला. पंचांतले थोरले हम्मू आजोबा आणि आणखी दोघं पंच टॉवेल घेऊन हजर! आजोबांनी आधी भट्टीत वाकून बघितलं, राख चिमटीत घेऊन हुंगली आणि तिघं आत शिरले. मागच्या अंगाला, भट्टीच्या तोंडाशी तुदा आणि बास्सू बसले. डोक्यावरच्या झरोक्यातून वाफ आणि म्हाताऱ्यांचं कण्हणं-कुंथणं बाहेर येत होतं. ते सुखाचं होतं, एवढं नक्की.

"जमलं म्हणायचं," बास्सू म्हणाला. पण आवाजात आनंद कुठे होता? "म्हणजे उद्या मला निघायला हवं. पलीकडच्या खोऱ्यात तेरा पाहुणघरं वाट बघतायत."

तुदानं जवळच्या टोपलीतली मूठभर टरफलं भट्टीत सारली.

"ही दुसरी टोपली कसली गं?" त्यानं हात घातला. "तुदा, ही टरफलं ओली आहेत! ही टाकली असतीस तर नुसता धूर..."

"माहितीय मला."

"मग?"

"मीच भिजवली. सकाळी." तिनं गुडघ्यात मान घातली. "धूर झाला असता तर तुला थांबावं लागलं असतं... पुन्हा भट्टी बांधायला."

"आणि घर? घर गेलं असतं ना, वेडे!"

"गेलं असतं."

बास्सूनं ओली टोपली भट्टीपासून लांब सरकवली. मग तो हळूच म्हणाला, "मग टाकली का नाहीस?"

"इम्मासाठी. आणि... बास्सूचं काम कच्चं होतं, असं गावानं म्हटलेलं मला सहन झालं नसतं." तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण हनुवटी ताठ होती. "मला आवडतोस तू. झालं? आता जा खुशाल तुझ्या तेरा घरी."

"तुदा, माझा बाप शहरात हमामाची भट्टी पेटवतो. जन्म गेला त्याचा, हाताचा काळा रंग सुटला नाही. मी भट्टीवाल्याचा मुलगा. लोक..."

तिनं आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. नखांपासून मनगटापर्यंत काळेकुट्ट.

बास्सूनं ते हातात घेतले. "तेरा घरं झाली की परत येतो," तो म्हणाला. "नाही, तेरा कशाला? दर आठवड्याला येतो. चालत येतो. कायमचा येतो... चालेल?"

"चालेल," तुदा म्हणाली, आणि तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की आतला आवाज केव्हाचा थांबलाय. पाण्याचा एक थेंबही वाजत नव्हता.

"पोरांनो," झरोक्यातून हम्मू आजोबा म्हणाले, "तुमचं ठरलं असेल तर आम्ही बाहेर येऊ का? मधेच दार उघडणं बरं दिसेना, पण आता आम्ही शिजत आलोय."

तुदानं तोंड झाकून घेतलं. तिघं बाहेर आले ते बिटासारखे लालबुंद होऊन.

"हमाम पास," आजोबांनी जाहीर केलं. "आणि पोरा, तुझा बाप लांब. मागणी घालायला वडीलधारं माणूस हवं ना? आम्ही काय मेलोय?"

ओल्या डोक्यांनी, खांद्यावरच्या टॉवेलांनिशी तिघं तडक स्वयंपाकघरात गेले आणि इम्मासमोर रीतसर बसले. आजोबांनी घसा साफ केला. "आम्ही या बास्सूसाठी तुझी मुलगी मागायला आलोय."

इम्मानं चहा ओतता ओतता मानही वर केली नाही.

"आधी डोकी पुसा," ती म्हणाली. "मी तर हो म्हणून केव्हाची बसलेय. तुम्हालाच उशीर झाला."