रुपेरी की काळा

घड्याळं दुरुस्त करणारी ती मुलगी भर दुपारी समोरच्या फोनच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या कपाळावर भिंग तसंच होतं. काम करताना डोळ्याला लावायचं, काम थांबलं की वर सरकवायचं… सवयच इतकी अंगवळणी पडली होती की ते आहे हे ती विसरूनच जाई.

काउंटरमागे एक नवाच तरुण उभा होता. उंच, आणि हसू दाबायचा प्रयत्न करणारा.

"तिसरा डोळा मिटूनच ठेवा हं," तो म्हणाला. "माल सगळा कंपनीचा आहे. जळला तर माझी नोकरी जाईल."

दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. हिने भिंग डोळ्यावर ओढलं, काउंटरवर वाकली आणि त्याच्या मनगटाकडे निरखून पाहिलं.

"मालाचं राहू द्या. तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे."

"माहितीये. आजोबांचं आहे… मी चालवून घेतो."

"फोन विकता आणि घड्याळ वापरता?"

"फोनला रोज सकाळी चावी देता येत नाही ना!"

हे उत्तर तिला भलतंच आवडलं. पण ती आली होती कामासाठी. अनोळखी घड्याळ उघडलं की कुठला स्क्रू कुठून निघाला, याचं चित्र ती वहीत काढून ठेवायची. तिळाएवढे वीस-बावीस स्क्रू, आणि चित्रकला यथातथाच. आता म्हणे फोनमध्येच कॅमेरा आला होता. बाबांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "लोक फोनवर वेळ बघायला लागले म्हणून आपली गिऱ्हाइकं आटली. ज्यानं पोटावर पाय दिला, त्यालाच घरात आणतेस?" पण ते म्हणेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा होती.

त्याने दोन फोन पुढे ठेवले. दोन्ही मधोमध दुमडणारे. रुपेरीचा कॅमेरा बिजागरीतच बसवलेला. बोटाने फिरवला की कधी समोरच्याकडे, कधी आपल्याकडे वळणारा. काळ्याचा कॅमेरा झाकणावर घट्ट, पण शेजारी छोटा दिवा. रुपेरीचे जवळचे फोटो स्वच्छ यायचे. काळा अंधाऱ्या कोपऱ्यातही कामाला यायचा. एकात जे होतं, ते नेमकं दुसऱ्यात नव्हतं.

"घाई नाही," तो म्हणाला. "मी शनिवारपर्यंत आहे. कंपनीने आठच दिवसांसाठी पाठवलंय. मग दुसरं गाव… चार महिने."

खरं सांगायचं तर तिला तिथल्या तिथे रुपेरी पसंत पडला होता. पण शनिवार हा शब्द ऐकला आणि ती म्हणाली, "मग उद्या पुन्हा बघते."

उद्याही तिने तेच म्हटलं. आणि परवाही. एके दिवशी नाण्याचा फोटो काढून पाहिला, दुसऱ्या दिवशी बायकी घड्याळाच्या काट्यांचा. तो काळ्याचा दिवा लावून धरायचा, ती रुपेरीचं बटण दाबायची, आणि दोघांची डोकी उघड्या घड्याळाच्या चाकांवर इतकी जवळ वाकायची की त्याचं सात मिनिटं मागे पडलेलं घड्याळ तिला ऐकू यायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना तो गिऱ्हाइकांचे सगळे फोटो पुसून टाकी. दुकानाचा नियमच होता तसा.

"आठ दिवसांत लोक लग्नं ठरवतात," बाबा म्हणाले. "तुला एक फोन ठरवता येईना?"

गुरुवारी तिने धीर केला. उघडं घड्याळ काउंटरवर ठेवलं, रुपेरी फोन उचलला आणि घड्याळाचा फोटो घ्यायचा असा आव आणला. घ्यायचा होता तो घड्याळावर वाकलेल्या त्याच्या चेहऱ्याचा. ती बघत राहिली… आणि बटण दाबलं. स्क्रीनकडे बघायचं भान कुणाला होतं? चोराच्या मनात चांदणं! तिने फटकन फोन मिटला, घड्याळ उचललं आणि निघाली.

शनिवारी ती गेली, तेव्हा त्याचं सामान बांधून झालं होतं.

"काळा घ्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"आठवडाभर रुपेरीचे गोडवे गायलात की!"

"तो… संपला."

"हा काय समोर दिसतोय!"

"हा शेवटचा. विकला गेलाय."

"कुणाला?"

त्याने रुपेरी फोन हातात घेतला. मग म्हणाला, "मला."

त्याने फोन उघडून तिच्यापुढे धरला. स्क्रीनवर तिचाच चेहरा होता. कपाळावर भिंग, ओठ किंचित विलग, आणि डोळ्यांत… जे होतं ते अगदी लख्ख होतं. गुरुवारी कॅमेरा उलट्या बाजूला वळलेला होता तर!

"रोज सगळे पुसतो. हा पुसवेना," तो म्हणाला. "म्हणून फोनच घेतला. पण तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघत असाल, तर… सांगा. आत्ता पुसतो."

ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. आठ दिवस लपवलं तेच खूप झालं.

"घड्याळाकडे मी अशी बघत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघत होते. फोटोही तुमचाच काढायचा होता. तुम्ही मला आवडता."

तो इतका हसला की शेजारच्या काउंटरवरच्या बाई वळून बघायला लागल्या. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "आणि मी उद्या चाललोय."

"काळा बांधून द्या," ती म्हणाली. "आणि चला माझ्याबरोबर."

रस्ता ओलांडून तिने त्याला आपल्या दुकानात नेलं. त्याचं घड्याळ काढून घेतलं आणि पावतीपुस्तक उघडलं.

"आमचाही एक नियम आहे. घड्याळ परत हवं तर पावती घेऊन मालकाने स्वतः यायचं. दुसऱ्या कुणाकडे देत नाही. बिघाड, सात मिनिटं मागे. तयार होईल… चार महिन्यांनी."

"अर्ध्या तासाचं तर काम—" बाबांनी तोंड उघडलं.

"बाबा!"

बाबांनी चष्म्यावरून आधी मुलीकडे पाहिलं, मग त्या पोराच्या रिकाम्या मनगटाकडे, आणि चिमटा उचलून कामाला लागले.

"चार महिने नको," तो म्हणाला. "उद्याचा सोडून पहिला रविवार लिहा. बसने आठ तास लागतात, पण मी येतो."

"रविवारी दुकान बंद असतं."

"कारागीर तर असेल ना घरी?"

तिने तोच रविवार लिहिला. पावती फाडून त्याच्या हातात देताना बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. मग नवा काळा फोन उघडला, दिवा लावला, आणि या खेपेला आधी स्क्रीनकडे नीट पाहिलं. तिथे तो होता… दोन्ही हातांनी पावती धरून तिच्याकडेच बघत होता, अगदी तिने गुरुवारी त्याच्याकडे पाहिलं होतं तसाच.