अर्ध्यावर अडलेली पट्टी

"सुरू केलेलं काम मध्येच तोडायचं नाही. मशीनचंसुद्धा नाही. त्याचं होऊ दे, मगच हात काढ."

आत्याचे हे शब्द कालपासून भिंगरीच्या कानात घुमत होते. सुट्टीत आत्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर वापरायची परवानगी देताना आत्या एवढंच म्हणाली होती. आणि भिंगरीने नेमकं काय केलं होतं?

"दुधात माशी पडलीय का? एवढी टक लावून बघतेस ती!" मास्तर म्हणाला. मास्तर म्हणजे आत्याचा चौदा वर्षांचा मुलगा. येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत सुटायचा, म्हणून त्याच्या आईनेच त्याला हे नाव ठेवलं होतं.

"ताई कालपासून अशीच आहे," भिंगरीचा धाकटा भाऊ टिल्लू म्हणाला. "माझ्याशी एकदाही भांडली नाही. मला तर भीतीच वाटायला लागलीय!"

भिंगरीने पेला बाजूला सारला. समोरच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं. काल संध्याकाळी आत्याने कॉम्प्युटर सुरू केला, तर निळा पडदा! त्यावर चार पांढऱ्या ओळी आल्या, मशीन बंद झालं, आपोआप सुरू झालं, पुन्हा निळा पडदा! सकाळी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी दोनदा बटण दाबलं आणि मान हलवली.

"कोणी काही काढलं-घातलं का यातलं?"

आत्या नाही म्हणाली. मास्तर नाही म्हणाला. भिंगरी फरशीकडे बघत राहिली.

"मग डिस्कच गेली. दुकानात नेतो, बारा वाजता सगळं पुसून नव्याने भरतो."

"आणि माझे धडे?" आत्याने विचारलं.

"धडे आता विसरा, ताई."

आत्या अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून मशीनमध्ये साठवायची. रोज वाचायला बसण्याआधी मिनिटभर डोळे मिटायची आणि मग एका लयीत वाचत जायची. तीन आठवड्यांत एकवीस धडे झाले होते, एकच राहिला होता. मुलांची परीक्षा चार दिवसांवर आली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण अर्धवट पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं नाही, सगळं पुरं झालं की मगच प्रत काढायची, असा आत्याचा शिरस्ता!

काका गेल्यावर आत्या रडली नाही की चिडली नाही. कोमट पाण्याचा पेला घेऊन तिने पुस्तक पहिल्या पानावर उघडलं. "पुन्हा वाचीन. घसा काय, बसतो आणि सुटतो," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. तिने दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

"मला एक गोष्ट खटकतेय," मास्तर हळूच म्हणाला. "मशीन सुरू होताना पहिल्या पडद्यावर डिस्कचं नाव येत होतं. मी स्वतः पाहिलंय. गेलेली डिस्क हजेरी कशी देईल?"

"भूत असेल!" टिल्लूचे डोळे मोठे झाले.

"गप रे! म्हणजे डिस्क ठणठणीत आहे. बिघाड वेगळाच आहे. निळ्या पडद्यावर 'ही फाइल सापडत नाही' असंही येत होतं. तिचं नाव मी उतरवून घेतलंय." त्याने वही पुढे केली.

भिंगरीने नाव वाचलं आणि वही पटकन मिटली. 'पहारेकरी' या शब्दानेच ते नाव सुरू होत होतं.

काल दुपारी तिला एक खेळ भरायचा होता आणि जागा पुरत नव्हती. पहारेकरी नावाचं एक जुनं संरक्षणाचं सॉफ्टवेअर सारखं मध्येमध्ये येऊन सूचना द्यायचं. नाहीतरी कटकटच, म्हणून तिने ते काढायला घेतलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. 'काम चालू आहे, मशीन बंद करू नका.' पट्टी अर्ध्यावर आली आणि अडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेवढ्यात जिन्यात आत्याच्या चपला वाजल्या आणि भिंगरीने भिंतीवरचं बटणच बंद करून टाकलं!

आत्ता सांगावं. आत्ताच. तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"दुकानात जाऊ या!" एवढंच ती म्हणाली. "बारा वाजायच्या आत!"

तिघं धावत सुटली. दोन वळणं, एक चढ, मग चष्म्याच्या दुकानाशेजारचं ते चिंचोळं दुकान. आत काका फोनवर बोलत होते, कानामागे स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. बाकावर पाच-सहा यंत्रं होती आणि प्रत्येकावर एकेक चिठ्ठी.

"डिस्क खराब," टिल्लूने वाचलं. "डिस्क खराब. डिस्क खराब. अरे, हा तर प्रिंटर आहे! यावरपण डिस्क खराब!"

"काका," मास्तर अगदी नम्रपणे म्हणाला, "प्रिंटरची डिस्क कुठे असते हो? आम्हाला अजून शिकवलं नाही."

काकांनी फोन खांद्याने धरून प्रिंटरकडे पाहिलं आणि ते चपापले. "चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवतो रे. वेळ वाचतो. तुम्ही जरा बाजूला व्हा बरं, मला काम करू द्या!"

त्यांचा एक हात आत्याच्या कॉम्प्युटरच्या कळफलकावर होता. पडद्यावर लिहिलं होतं : सगळी माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?

काकांचं बोट खाली येऊ लागलं.

"थांबा!" भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा चष्मेवाला डोकावला. "डिस्क खराब नाहीये! मी केलंय! पहारेकरी मी काढला! अर्धा निघाला होता आणि मी बटण बंद केलं!"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. तिचे कान तापले होते, पण आता शब्द थांबेनात. "तुम्ही सकाळी विचारलंत, तेव्हा मी गप्प बसले. चुकलं माझं."

काकांनी फोन ठेवला. मास्तरने वही पुढे केली. काकांनी फाइलचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"असं आहे होय! पहारेकरी निघून गेला, पण 'त्याला विचारल्याशिवाय आत यायचं नाही' ही पाटी दारावर तशीच राहिली. मशीन बिचारं दारात उभं राहून त्याला हाका मारतंय! पोरी, हे सकाळीच सांगितलं असतंस तर..." ते थांबले. प्रिंटरवरची चिठ्ठी त्यांनी हळूच काढून खिशात घातली. "आणि मीही नीट तपासायला हवं होतं."

त्यांनी 'नाही' निवडलं, एक पेनड्राइव्ह लावला आणि दुरुस्तीचा पडदा उघडला. सॉफ्टवेअर काढण्याआधी मशीन स्वतःच एक खूण करून ठेवतं आणि त्या खुणेपर्यंत त्याला मागे नेता येतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. "किती वाजता काढलंस?"

"तीन वाजून गेले होते."

यादीत कालची एकच खूण होती. तीन वाजून दहा मिनिटं! काकांनी ती निवडली. पुन्हा एक पट्टी सरकू लागली आणि पुन्हा अर्ध्यावर अडली.

"अडकली वाटतं. बंद करून बघायचं?" टिल्लू कुजबुजला.

"हात लावशील तर खबरदार!" भिंगरी गरजली. ती बटणाकडे पाठ करून उभी राहिली. वीस मिनिटं ती तिथून हलली नाही.

मग पडदा काळा झाला आणि आत्याच्या मशीनवरचं ओळखीचं निळ्या फुलांचं चित्र उमटलं. काकांनी एक धडा उघडला. दुकानभर आत्याचा आवाज घुमला, स्वच्छ, न बसलेला. मास्तर आणि टिल्लूने उड्या मारल्या. भिंगरी मात्र स्टुलावर बसून रडायला लागली.

काका स्वतः मशीन घरी घेऊन आले. "एकवीसच्या एकवीस धडे आहेत, ताई! तुमच्या मास्तरने नाव टिपून ठेवलं आणि या मुलीने धीर करून खरं सांगितलं, म्हणून वाचले. मी तर पुसायलाच निघालो होतो!"

भिंगरीने आत्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. खेळ, पट्टी, चपला, बटण. आत्या ऐकत राहिली.

"रागव ना गं, आत्या!"

"सकाळी कळलं असतं तर रागावले असते," आत्या म्हणाली. "आता तूच एवढी रागावली आहेस स्वतःवर, मी आणखी कुठे भर घालू? मास्तर, शाब्बास रे. आणि भिंगरी, भर दुकानात तसं बोलणं सोपं नव्हतं. इतकं खरं." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आजपासून रोजच्या रोज प्रत काढायची. माझाही हट्टच होता तो."

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतल्या बाई होत्या. आत्या हळू आवाजात म्हणाली, "हो, मशीन बिघडलं होतं. उद्या सकाळी नक्की." फोन ठेवून तिने सांगितलं, "आज धडे मिळणार म्हणून एक मुलगी सकाळपासून फाटकाजवळ बसून होती म्हणे. तिने अजून एकही धडा ऐकलेला नाही. चारातला एक दिवस गेला तिचा."

"मशीन बिघडलं नव्हतं," भिंगरी म्हणाली. "मी बिघडवलं. उद्या मी जाईन, आत्या. तिला मीच सांगेन. आणि परीक्षेपर्यंत रोज तिला हवं ते वाचून दाखवीन."

"ती चिडेल."

"चिडू दे."

आत्याने संध्याकाळी शेवटचा धडा वाचला आणि लगेच दोन प्रती काढल्या.

सकाळी मास्तर आणि टिल्लू अजून घोरत होते. भिंगरीने वेणी घातली, प्रत पिशवीत ठेवली, वर पुस्तक ठेवलं. बोलायचं पहिलं वाक्य ती मनातल्या मनात तीनदा म्हणाली, तरी ते धड जमेना. मग तिने आवाज न करता कडी काढली आणि ती शाळेच्या रस्त्याला लागली.