पेलागियाची हाक

आईला एकदाची शहरात न्यायची म्हणून मी त्या ऑक्टोबरात सामान बांधायला घेतलं, तर म्हातारीनं चुलीचा कठडा धरला तो सोडेना. पक्षाघातानं वाचा गेली होती, पकड मात्र शाबूत होती. नरेव नदीकाठचा आणखी एक हिवाळा तिला झेपणार नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नाही. थकून गेले होते मी.

झ्लाता त्याच आठवड्यात हैफाहून आली. लढाईत आईनं तिला आणि तिच्या आईबापांना, लेझर आणि फ्रूमाला, याच स्वयंपाकघराखालच्या खड्ड्यात लपवलं होतं. आईबाप खालीच तापानं गेले आणि खालीच पुरले. शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नेणार तरी कुठे? जर्मन पळाले तेव्हा आईही तापात बेशुद्ध होती, म्हणून बाबांनीच पोरीला वर काढलं. पुढे झ्लातानं दोघांच्या अस्थी शहरातल्या ज्यू दफनभूमीत नेल्या. मग बाबांनी खड्डा दगडमातीनं गच्च भरला आणि वर फळ्या ठोकल्या.

खाली असताना खोकायची मुभा फक्त चर्चच्या दुपारच्या घंटेत. झ्लाता अजून तशीच खोकते.

"हैफात घंटा कुठून आणतेस?" चुक्याचं सूप वाढत मी चिडवलं.

"तिथे ट्रक आहेत की. ट्रक गेला की उरकून घ्यायचं," ती म्हणाली. आई तोंड वाकडं करून हसली.

तेवढ्यात घंटा सुरू झाली. झ्लाता खोकली आणि तिच्यामागून फळ्यांखालूनही कोणी खोकलं.

मी म्हटलं, घुशी असतील. पण क्षयाच्या वॉर्डात जन्म गेलाय माझा, खोकला मी पाठमोरी ओळखते. एक पुरुषाचा होता, छाती पोखरलेला. दुसरा बाईचा, कापडात दाबलेला. घंटा थांबली तसे तेही थांबले.

आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं चुलीचा कठडा आणखी घट्ट धरला.

"पेलागिया त्यांना सोडून कशी येईल गं?" झ्लाता म्हणाली. "आम्हाला तिनं बजावलं होतं, मी हाक मारेन तेव्हाच वर यायचं. पाद्री बोलावू दे नाहीतर माझा नवरा बोलावू दे, हलायचं नाही. हाक मारायच्या दिवशी ती तापात होती आणि आता तर वाचाच नाही."

"अगं, अस्थी तू नेल्यास. खाली नुसती माती आहे."

"असू दे. तुझा आवाज तिचाच आहे, गेनिया. फोनवर मी दरवेळी फसते. मार हाक."

"मातीला हाक मारू? वेड लागलंय का मला?"

आई माझ्याकडे बघत राहिली. असं तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी वाकले. "लेझर, फ्रूमा, वर या. गेले ते जर्मन."

काही हललं नाही. फक्त आईनं अडचणीच्या जागेत कुणाला वाट द्यावी तसे पाय खुर्चीखाली ओढले. थोड्या वेळानं पुन्हा ओढले. मग कठडा सोडला आणि खुर्चीतच झोपली.

मला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली. पण म्हातारी आता निघेल, एवढ्यावर मी समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी दारात गाडी आली. आईला कोट चढवला. दुपारची घंटा वाजू लागली.

खाली शांत होतं.

मग एक खोकला आला. बारीक, कोरडा. लहान मुलाचा.

आईचा हात परत कठड्यावर गेला.

झ्लाता माझ्यासमोर बसली होती, तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून.

"मला कुणी हाक नाही मारली," ती म्हणाली.

"अगं, तू तर तेव्हाच वर आलीस."

"तुझ्या बाबांनी ओढून काढलं मला. हाक नाही मारली कुणी."

आईच्या आवाजात मी म्हटलं, "झ्लाता, ये बाळा. ये वर."

आईनं पाय ओढून घेतले.

झ्लाता टेबलाला धरून सावकाश उठली. बाहेर आभाळ भरलेलं होतं, तरी तिनं डोळ्यांवर हात धरला.

"किती ऊन आहे गं," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांवर ठेवायला मी फडकं भिजवून आणलं आणि तिच्यापुढे बसले. तिचे मोजे गुडघ्यांवर मातीनं माखले होते. माती अजून ओली होती.