बनसोडे सिस्टरांची धडधड

मिरजेच्या त्या रुग्णालयात परिचारिकांच्या मनगटावर ताणपट्टी आली, तेव्हा मालन बनसोडे सिस्टरांना हसूच आलं होतं. अतिदक्षता विभागात बारा रुग्णांमागे दोन परिचारिका. त्यांना ताण असतो हे कळायला यंत्र कशाला हवं? पण पट्टी नाडी आणि घाम मोजत राहिली. तीन महिन्यांनी सगळ्यांत जास्त ताण सिस्टरांचाच निघाला आणि नियमाप्रमाणे त्यांची बदली नोंदणी कक्षात ठरली. बावीस वर्षांचा वॉर्ड सुटणार म्हणून दोन दिवस त्यांना घास गोड लागला नव्हता.

सकाळी अकराला पट्टीचे जनक डॉ. हेरंब टेंबे यांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांची सहकारी, संख्याशास्त्रज्ञ झरीना मुजावर, पडद्यासमोर बसली होती.

“सही कुठं करायची तेवढं सांगा, सर,” सिस्टर म्हणाल्या.

“आधी हे बघा,” झरीना म्हणाली. “तुम्ही कुठल्या बेडजवळ आहात हेही पट्टी नोंदवते. तुमच्या ताणाची रेघ चढते आणि साधारण चाळीस मिनिटांनी त्याच बेडचा पेशंट ढासळतो. एकसष्टपैकी अठ्ठावन्न वेळा! मॉनिटर तोवर गप्प असतो.”

“ड्युटी सोपवताना मी सांगतेच की, सात नंबरवर नजर ठेव गं, मला काही बरं दिसत नाही. फाइलीत त्याला रकानाच नाही, तर लिहू कुठं?”

“कातडीचा रंग, श्वासाची लय, घामाचा वास,” टेंबे हळू आवाजात म्हणाले. “डोळे-नाक टिपतात आणि मनाला पत्ता लागायच्या आधी शरीर धडधडतं. आम्ही ज्याला आजार म्हणत होतो ते निदान होतं, सिस्टर. बदली रद्द.”

सिस्टरांच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या धडधडीला त्या आयुष्यभर शिव्या घालत आल्या, तिने अठ्ठावन्न वेळा ढासळत्या माणसाची चाहूल घेतली होती! त्यांना क्षणभर स्वतःच्याच हातांकडे बघायची भीती वाटली.

“निदान असलं तरी जीव दमतो हो, सर. माणसं वाढवा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टरांच्या मनगटावरची पट्टी थरथरली. पडद्यावरची त्यांची रेघ सरळ वर निघाली होती.

“बिघडली वाटतं,” कपाळ पुसत टेंबे हसले. “इथं कुठे पेशंट आहे?”

सिस्टरांनी झरीनाकडे पाहिलं. पोरगी टवटवीत होती. मग त्यांनी टेंबेंचं मनगट हातात घेतलं. ते गार आणि ओलं होतं.

“सर, खुर्चीवरून उठू नका. झरीना, स्ट्रेचर मागव.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. “घाबरायचं नाही. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली.”